टाकलेले आच्छादन आणि अपरिग्रहाचा प्रश्न

एकाने टाकून दिलेली वस्तू दुसऱ्याने उचलली, गरजेपुरती वापरली आणि त्यामुळे त्याच्या पाठीवरचे ओझे हलके झाले, तर त्या कृतीला अपरिग्रह म्हणावे की केवळ काटकसर, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी भारतीय नीतिविचारातील एका मूलभूत भेदाला तो जाऊन भिडतो. अपरिग्रह म्हणजे संग्रह न करणे, एवढाच अर्थ सामान्यतः सांगितला जातो. पतंजलींच्या योगसूत्रांत अहिंसा, सत्य, अस्तेय आणि ब्रह्मचर्य यांच्यानंतर पाचवा यम म्हणून अपरिग्रह येतो, आणि त्यावरील व्यासभाष्यात विषयांच्या ठायी असलेले पाच दोष मोजले आहेत: वस्तू मिळवण्यातला दोष, ती राखण्यातला, ती क्षीण होण्यातला, तिच्यात मन गुंतण्यातला आणि तिच्यापायी घडणाऱ्या हिंसेतला. जैन परंपरेत उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाला मूर्च्छा म्हटले आहे, म्हणजे वस्तूविषयी ‘ही माझी’ अशी जी बेशुद्ध आसक्ती जडते तिलाच खरा परिग्रह मानले आहे. आणि गृहस्थाला संपूर्ण त्याग झेपणारा नसल्यामुळे त्याच्यासाठी परिग्रह-परिमाणाचे, म्हणजे आपल्या संग्रहाला आपणच मर्यादा घालून घेण्याचे, अणुव्रत सांगितले आहे. या दोन्ही विवेचनांमुळे प्रश्न वस्तूंच्या संख्येपुरता न राहता माणूस आणि वस्तू यांच्या नात्याचा होतो. त्या नात्याची खरी कसोटी टाकाऊ वस्तूच्या बाबतीतच लागते, कारण विकत घेताना निदान किंमत तरी हात आवरते, फुकट मिळालेल्या वस्तूला मात्र माणसाच्या विवेकाखेरीज दुसरा लगाम नसतो.

या कसोटीसाठी आधुनिक काळातील एक उदाहरण उपयोगी पडते. अमेरिकेसारख्या देशांत घरे बहुधा लाकडी सांगाड्याची असतात, आणि बाहेरच्या बाजूने फळ्या किंवा विटा लावण्यापूर्वी त्या सांगाड्याला सर्व बाजूंनी पातळ कृत्रिम कापडाचे वेष्टन गुंडाळतात. बाहेरचे पाणी आणि वारा अडवावा, पण भिंतीच्या आत साठणारी वाफ बाहेर जाऊ द्यावी, असे या वेष्टनाचे दुहेरी काम असते, कारण वाफ कोंडली की लाकूड कुजते. टायवेक या नावाने ओळखले जाणारे वेष्टन उच्च घनतेच्या पॉलिइथिलीनच्या अतिसूक्ष्म तंतूंचे असते, आणि ते तंतू विणलेले नसून उष्णता व दाब यांच्या योगे एकमेकांत जखडलेले असतात. ड्यूपॉन्ट कंपनीतील संशोधक जिम व्हाइट यांना १९५५ साली प्रयोगशाळेतील एका नळीतून पिंजलेल्या कापसासारखा पांढरा पुंजका बाहेर पडताना दिसला, त्यातून या पदार्थाचा शोध लागला, आणि १९६७ पासून त्याचे व्यापारी उत्पादन होऊ लागले. घराच्या वेष्टनासाठी वापरला जाणारा प्रकार चौरस मीटरला सुमारे ६० ग्रॅम भरतो, म्हणजे एका माणसाला अंग टेकण्यापुरता २ मीटर लांब आणि १ मीटर रुंद तुकडा सुमारे १२० ग्रॅमचा होतो. हे ध्यानात आल्यावर, आठवडेच्या आठवडे डोंगरवाटा तुडवणाऱ्या भटक्यांनी बांधकामावर उरलेले तुकडे मागून आणले, त्यांचा कडकपणा व खडखडाट कमी व्हावा म्हणून ते धुऊन मऊ केले, आणि त्यांतून तंबूखालचे अंथरूण, पावसाचा आडोसा, झोपण्याच्या पिशवीवरची खोळ असे सामान तयार केले. भिंतीच्या पोटात कायमचे दडून राहण्यासाठी जे बनले, ते अशा रीतीने उघड्यावरच्या मुक्कामाचे साधन झाले.

खानदेशात, विशेषतः तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या काठच्या जळगाव व धुळे या जिल्ह्यांत, घरे विटा-सिमेंटची तरी असतात किंवा जुन्या पद्धतीची मातीच्या धाब्याची तरी, त्यामुळे असल्या वेष्टनाला तेथे जागा नाही. तरीही एका कामासाठी बनलेले आच्छादन दुसऱ्या कामाला लावून त्याच्या आधाराने उघड्यावर राहण्याची रीत या प्रदेशाला अतिशय परिचयाची आहे. खताचे किंवा धान्याचे रिकामे पोते एका कोपऱ्यात दुमडून डोक्यावर घेतले की शेतात पावसाची खोळ होते. समारंभ आटोपल्यावर उतरवलेला जाहिरातीचा फ्लेक्स, म्हणजे पॉलिएस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर चढवलेला फलक, गोठ्याच्या किंवा झोपडीच्या छपरावर जातो. आणि जुनी लुगडी एकावर एक शिवून केलेली गोधडी तर घरोघरी असते. मुक्ताईनगरजवळच्या कोथळी येथून संत मुक्ताबाईंची पालखी आषाढी एकादशीसाठी पंढरपूरला निघते, तेव्हा पाचशे किलोमीटरहून अधिक वाट सुमारे महिनाभर चालणाऱ्या वारकऱ्यांजवळही अंगावर घ्यायला प्लास्टिकचा कागद आणि मुक्कामाला अंथरायला ताडपत्रीचा किंवा पोत्याचा तुकडा असतो. परदेशी भटक्याचे वेष्टन आणि वारकऱ्याचा कागद हे द्रव्यदृष्ट्या एकाच कुळातले आहेत. पण त्या दोघांची कृती नैतिकदृष्ट्याही एकच आहे काय, हे ठरवण्यासाठी आधी निकष हवेत, आणि ते निकष बौद्ध विनयपिटकात, म्हणजे भिक्षुसंघाच्या नियमग्रंथात, पुष्कळ स्पष्टपणे सापडतात.

संघात प्रवेश करणाऱ्या भिक्षूला ज्या चार गोष्टींवर निर्वाह करायचा असे सांगितले जाई, त्यांत भिक्षान्न, झाडाखालचा निवास आणि गोमूत्राचे औषध यांच्याबरोबर पांसुकूल चीवराचा समावेश होता. पांसुकूल म्हणजे धुळीत, उकिरड्यावर किंवा स्मशानात पडलेल्या चिंध्या, आणि त्या धुऊन, रंगवून, शिवून केलेले वस्त्र म्हणजे पांसुकूल चीवर. गृहस्थांनी दिलेले वस्त्र स्वीकारण्याची मुभा पुढे मिळाली, तरी चिंध्यांच्या वस्त्राचे मूल्य कमी झाले नाही. या नियमांना तीन अंगे आहेत. वस्तू खरोखरच बेवारस आहे अशी भिक्षूची प्रामाणिक समजूत असेल तरच ती उचलण्यात चोरीचा दोष नाही, हे पहिले अंग. थंडी, ऊन, वारा, डास-गोमाशा यांपासून संरक्षण आणि लज्जारक्षण एवढ्याचसाठी आपण वस्त्र वापरतो, असे मनन करीत ते अंगावर घ्यावे, हे दुसरे. तिसरे अंग विनयपिटकाच्याच चुल्लवग्ग या भागातील एका कथेत आले आहे. कौशांबीचा राजा उदयन याच्या अंतःपुरातील स्त्रियांनी बुद्धांचा शिष्य आनंद याला पाचशे वस्त्रे दिली, तेव्हा एवढ्या वस्त्रांचे हा भिक्षू करणार तरी काय, अशी शंका राजाला आली. त्याने विचारले, तेव्हा आनंदाने सांगितले की ती जीर्ण चीवरे झालेल्या भिक्षूंना वाटली जातील. मग जुन्या चीवरांचे काय, असे राजाने विचारले आणि उत्तरांची एक मालिकाच सुरू झाली: जुन्या चीवरांची पांघरुणे होतील, जुन्या पांघरुणांचे गाद्यांचे अभ्रे होतील, जुन्या अभ्र्यांची जमिनीवरची अंथरुणे, त्यांची पुढे पायपुसणी, पायपुसण्यांची झाडणी, आणि अखेर त्या चिंध्या कुटून चिखलात मळून त्यांनी जमीन लिंपली जाईल. राजाला पटले की हे लोक काहीच वाया घालवत नाहीत, आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

या कथेला खानदेशाच्या सीमेवरच एक पूरक साक्ष मिळते. जळगावहून सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांत भित्तिचित्रांखालचा गिलावा मातीत भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळून केलेला आहे. शेतात धान्य निघाल्यावर जे उरले ते भिक्षूंच्या पावसाळ्यातील निवासाच्या भिंतीत गेले. आनंदाच्या उत्तरात वस्त्राचा प्रवास अंगावरून वास्तूत संपतो, तर आजच्या वेष्टनाचा प्रवास वास्तूवरून अंगाकडे होतो. दिशा उलटी असली तरी दोन्ही ठिकाणी विचारायचे प्रश्न तेच राहतात. वस्तू खरोखर टाकलेली आहे काय, तिचा वापर गरजेने बांधलेला आहे काय, आणि तिचा शेवट वापरणाऱ्याने पत्करला आहे काय? हे तीन निकष स्वामित्वाचा, मर्यादेचा आणि अंताचा निकष म्हणून वेगवेगळे तपासले पाहिजेत, कारण एक उतरला म्हणून दुसरा आपोआप उतरत नाही.

स्वामित्वाचा निकष सोपा दिसतो, पण त्यातही दोन सूक्ष्म अडचणी आहेत. बांधकामावर इतस्ततः पडलेला तुकडा टाकलेला दिसला तरी तो घरमालकाचा किंवा ठेकेदाराचा असतो, आणि विचारल्यावाचून तो उचलणे अस्तेय या यमाशी विसंगत ठरते. म्हणून मागून घेणे हा येथे केवळ शिष्टाचार उरत नाही, तो व्रताचाच भाग होतो. दुसरी अडचण अशी की टाकाऊचा उपयोग लोकप्रिय झाला म्हणजे त्यासाठी नवीच वस्तू विकत घेतली जाऊ लागते. तंबूखाली अंथरायला कोणी वेष्टनाचे नवे भेंडोळे विकत आणले, तर त्याने काहीही वाचवले नाही, उलट जे प्लास्टिक एरवी बनले नसते त्याला मागणी निर्माण केली. बाह्य रूपात उरलेला तुकडा आणि नव्या भेंडोळ्यातला तुकडा यांत काडीचाही फरक दिसत नाही, पण व्यासभाष्यातील अर्जनाचा दोष पहिल्याला लागत नाही आणि दुसऱ्याला पुरेपूर लागतो.

मर्यादेच्या निकषावर प्रश्न अधिक खोल जातो. ओझे हलके असणे हा गुण आहे यात शंका नाही, परंतु हलकेपणा स्वतःच ध्येय झाला की तोही आसक्तीचा विषय होऊ शकतो. सामानातला एकेक ग्रॅम मोजणारा आणि त्यासाठी दरवर्षी जुने चांगले सामान बाजूला सारून अधिक हलके सामान आणणारा प्रवासी पाठीवर थोडे वागवीत असला, तरी त्याच्या घरातल्या कपाटात परिग्रह वाढतच जातो. मूर्च्छा जड वस्तूविषयी जशी असते तशी हलक्या वस्तूविषयीही असते. उलट बाजूने वारकऱ्याच्या हलकेपणाकडेही डोळसपणे पाहिले पाहिजे. दिंडीबरोबर तंबू, भांडी आणि शिधा वाहणारी गाडी असते, म्हणून एकेका वारकऱ्याच्या खांद्यावर थोडेच येते. यात कमीपणा नाही, कारण दिंडीतील सामान सामाईक असते, आणि जे सर्वांचे आहे त्याच्याविषयी ‘माझे’ ही भावना मंदावते. एकट्याने कमी बाळगणे आणि अनेकांनी मिळून एकच बाळगणे हे अपरिग्रहाचे दोन वेगळे मार्ग आहेत, आणि दुसरा मार्ग बहुसंख्य गृहस्थांना अधिक साध्य आहे. मुक्ताबाईंच्या नावाशी जोडलेले ताटीचे अभंग येथे विचारात घेण्यासारखे आहेत. लोकांच्या वागण्याने व्यथित होऊन ज्ञानेश्वरांनी झोपडीची ताटी, म्हणजे कुडाचे दार, लावून घेतले आणि धाकट्या बहिणीने ती उघडण्याची विनवणी केली, अशी परंपरा सांगते. ताटी ही सर्वांत हलकी भिंत. तरीही माणूस तिच्याआड स्वतःला कोंडून घेऊ शकतो, यावरून बंधन आच्छादनाच्या वजनात नसून मनात असते, हे स्पष्ट होते.

हाच मुद्दा धुळ्याच्या तुरुंगात एका वेगळ्या परिभाषेत मांडला गेला. विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात तेथील राजबंद्यांपुढे दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले, आणि अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी ती प्रवचने उतरून घेतली, त्यांतून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ सिद्ध झाला. त्यात कर्म, विकर्म आणि अकर्म या तीन संज्ञांचा विनोबांनी लावलेला अर्थ प्रस्तुत प्रश्नाला नेमका लागू पडतो. कर्म म्हणजे बाहेरून दिसणारी कृती. विकर्म म्हणजे त्या कृतीत ओतलेले विशेष आंतरिक कर्म, चित्ताची साथ. आणि या दोहोंच्या मिलाफातून कृतीचे ओझे नाहीसे होऊन जी सहजता येते ते अकर्म. टाकाऊ वस्तू उचलून वापरणे हे कर्म झाले. त्याच्यामागे पैसे वाचवण्याची हौस आहे, कल्पकता मिरवण्याचा अभिमान आहे, की वस्तूविषयीची कृतज्ञता आणि स्वतःच्या गरजेची ओळख आहे, हा विकर्माचा प्रश्न आहे. विकर्माची जोड मिळाली नाही तर तीच कृती काटकसर राहते, आणि काटकसर हा चांगला व्यवहार असला तरी ते व्रत नव्हे.

या ठिकाणी एक गंभीर आक्षेप घेतला जाईल, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. चाळीसगाव, साक्री आणि आसपासच्या तालुक्यांतून ऊसतोडीसाठी जाणारी कुटुंबे हंगामभर फडाजवळ कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात, आणि कोपीवर प्लास्टिकचा कागद, जुनी ताडपत्री किंवा फाटका फ्लेक्स असतो. टाकलेल्या आच्छादनाखाली राहणे हा जर अपरिग्रह असेल, तर ही कुटुंबे मोठी व्रती ठरतील, आणि त्यांच्या दैन्याला अध्यात्माचा मुलामा देण्याचे पाप अशा विचाराच्या माथी येईल. आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर अपरिग्रहाच्या व्याख्येतच आहे: यम हा स्वीकारलेला असतो, लादलेला नसतो. ज्याच्यापुढे दुसरा पर्यायच नाही त्याच्या अभावाला त्याग म्हणता येत नाही. भटका सकाळी आपले वेष्टन गुंडाळून पक्क्या घराकडे परतू शकतो, वारकरी एकादशीनंतर घरी परततो, परंतु कोपीतल्या स्त्रीला ते स्वातंत्र्य नाही. म्हणून एकाच प्लास्टिकच्या कागदाखाली तीन वेगवेगळी नैतिक वास्तवे असू शकतात, आणि त्या स्त्रीच्या बाबतीत समाजाचे कर्तव्य तिचे कौतुक करण्याचे नसून तिला पक्के छप्पर मिळवून देण्याचे आहे. किंबहुना अपरिग्रहाच्या व्रताला सामाजिक अर्थ असेल तर तो हाच की ज्याच्यापाशी अधिक आहे त्याने कमी करावे, म्हणजे ज्याच्यापाशी काहीच नाही त्याच्यापर्यंत काही पोहोचेल.

गाडगे महाराजांनी हा भेद केवळ सांगितला नाही, आचरला. १८७६ साली विदर्भात जन्मलेला आणि १९५६ साली निवर्तलेला हा संत स्वतः चिंध्यांचा अंगरखा घाली आणि हातात मातीचे गाडगे बाळगी, पण यात्रेकरूंसाठी त्याने पंढरपूर, नाशिक यांसारख्या ठिकाणी पक्क्या धर्मशाळा उभारल्या. स्वतःसाठी टाकलेले आणि दुसऱ्यासाठी टिकाऊ, ही त्याची रीत होती. शिवाय ज्या गावात तो कीर्तन करी तेथे आधी खराटा घेऊन रस्ते झाडी, म्हणजे इतरांनी टाकलेल्याचा भार आपल्या हाती घेई. टाकाऊ वस्तूचा विचार तिच्या वापरापाशी न थांबता तिच्या शेवटापर्यंत कसा न्यावा, याचा धडा त्या खराट्यात आहे, आणि तिसऱ्या निकषाकडे तेथूनच वळता येते.

अंताच्या निकषावर आजची सर्व कृत्रिम आच्छादने अडखळतात, मग ती भटक्याची असोत, वारकऱ्याची असोत की शेतकऱ्याची. आनंदाची मालिका पूर्ण होऊ शकली, कारण कापूस आणि माती यांचे मूळ नाते होते. चिंधी शेवटी चिखलात मळता येत होती. पॉलिइथिलीन चिखलात मळले तर ते माती होत नाही. घराच्या वेष्टनावर सूर्यप्रकाश पडत राहिला तर त्याची ताकद कमी होते, म्हणून ते काही महिन्यांतच बाहेरच्या भिंतीने झाकून टाकावे अशी उत्पादकाची सूचना असते. खानदेशातील वैशाखात तर कोणत्याही प्लास्टिकच्या कागदाचे उन्हाने पापुद्रे सुटतात. पापुद्रे सुटणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. वस्तू लहान लहान कणांत विखुरते, ते कण शेतात, ओढ्यात आणि गुरांच्या पोटात जातात, आणि भाष्यकारांनी सांगितलेला पाचवा दोष, हिंसेचा दोष, वस्तू वापरून झाल्यानंतर सुरू होतो. प्राचीन ग्रंथांनी अर्जन आणि रक्षण यांची जितकी चिकित्सा केली तितकी विसर्जनाची केली नाही, कारण त्या काळी ते काम माती स्वतः करीत असे. माणसाने मातीला न पचणारी वस्तू निर्माण केली तेव्हा मातीचे ते काम माणसाच्या कर्तव्यांत येऊन पडले.

या कर्तव्याचे एक अपुरे, पण खरे उत्तर जळगावातच दिसते. तेथील औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या चटया बनवण्याचा मोठा उद्योग आहे. भंगारात आलेले प्लास्टिक निवडून, धुऊन, वितळवून त्याचा दाणा करतात, दाण्यापासून रंगीत, पोकळ धागा काढतात आणि तो मागावर विणून चटई तयार होते. देवळाच्या मंडपात, लग्नात आणि वारीच्या मुक्कामात ती सर्रास अंथरली जाते. आनंदाच्या मालिकेतील अंथरुणाची पायरी येथे नव्या द्रव्याने पुन्हा उभी राहिली आहे. ती अपुरी अशासाठी की प्रत्येक वेळी वितळताना प्लास्टिकचा कस उतरतो, मिश्र थरांचा फ्लेक्स वेगळा करणे कठीण असते, आणि मातीने माखलेले तुकडे निवडीतच बाद होतात. याउलट, डिसेंबर १९३६ मध्ये याच जिल्ह्यातील फैजपूर येथे जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, तेव्हा गांधीजींच्या आग्रहावरून नंदलाल बोस यांनी तेथील नगर बांबू आणि अशाच स्थानिक साध्या साहित्यातून उभारले. हजारोंचा मुक्काम झाल्यावर मोडून टाकलेल्या त्या नगरातले बांबू पुन्हा कामास येऊ शकत होते, आणि जे कुजले असते ते माती झाले असते. आज तसे बांधणे सर्वत्र शक्य नाही, आणि पावसात चालणाऱ्या म्हाताऱ्या वारकऱ्याच्या अंगावरचा कागद काढून घ्यावा असे कोणी म्हणणार नाही. पण तात्पुरत्या निवासाची रचना करतानाच त्याच्या शेवटाची तजवीज करता येते, एवढे फैजपूरने दाखवून दिले आहे.

या सर्व विवेचनातून अपरिग्रहाची व्याख्या एका कलमाने वाढवण्याची गरज स्पष्ट होते. न मिळवणे, न साठवणे आणि न गुंतणे यांच्या जोडीला न विखुरणे हेही त्या व्रताचे अंग मानले पाहिजे. बांधकामावर उरलेला तुकडा मागून घेणाऱ्याने तो फाटेपर्यंत वापरावा, फाटल्यावर वाटेत न टाकता परत आणावा आणि ज्या हातांतून त्याचा पुन्हा दाणा होऊ शकेल त्या हातांत द्यावा. दिंडीने मुक्काम हलवताना प्रत्येकाचा कागद मोजून घ्यावा, जसा शिधा मोजून दिला जातो. आणि ज्याने इमारत बांधली त्याने उरलेल्या आच्छादनाचा हिशेब सिमेंट-लोखंडाच्या हिशेबाइतकाच काटेकोर ठेवावा. ही कामे लहान आहेत, त्यांत वैराग्याचे तेज दिसत नाही, आणि म्हणूनच ती विकर्माची खरी परीक्षा घेतात. टाकलेली वस्तू उचलणारा जोवर ती पुन्हा टाकण्याचा हक्क स्वतःकडे राखून ठेवतो, तोवर तो काटकसरी असतो. तिचा शेवट आपल्या अंगावर घेतो तेव्हा तो अपरिग्रही होतो.